नखांचे बळ

सोमवारची प्रार्थना आटोपली की रांगेत उभे राहून दोन्ही हात पुढे पसरावयाचे व वर्गप्रमुखाने प्रत्येकाच्या नखांवरून नजर फिरवावयाची, हा प्रघात आपल्याकडील कित्येक शाळांतून पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. ह्या तपासणीत दोनच गोष्टी पाहिल्या जातात : नखे कापली आहेत काय, आणि ती स्वच्छ आहेत काय. तिसरी गोष्ट, म्हणजे नखे सबळ आहेत किंवा नाहीत, हे मात्र कोणी पाहत नाही. वस्तुतः पुढे आलेल्या त्या हातांपैकी कित्येकांची नखे टोकाशी चिरफाळलेली, पापुद्रे सुटलेली, किंचित धक्का लागताच मोडणारी अशी असतात. तपासणाऱ्यास तो अव्यवस्थितपणा वाटतो. घरची मंडळी 'कॅल्शियम कमी पडले असेल' असे म्हणून गोळ्यांची बाटली आणवितात. आणि मुलगी बिचारी लाजेने हात पाठीमागे लपविते. आमच्या मते ह्या तिन्ही ठिकाणी बहुधा चूकच होते. नखे ठिसूळ का होतात, ती बळकट व्हावीत म्हणून काय करावे, आणि कोणत्या प्रसंगी घरगुती उपाय सोडून वैद्याकडे जावे, हे आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस थोडक्यात समजावून सांगण्याचा ह्या लेखाचा हेतू आहे.

नख म्हणजे काय?

आपल्या भाषेने नखास क्षुद्रतेचे माप ठरविले आहे. 'त्याच्या नखाचीही सर येणार नाही' असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्या द्रव्याचे आपले नख बनलेले आहे, त्याच द्रव्याचे वाघाचे नख, गाईचे खूर, बैलाच्या शिंगावरील आवरण आणि मोराचे पीस ही बनलेली आहेत. ह्या द्रव्यास शास्त्रात केराटिन म्हणतात. ते एक प्रथिन असून त्यात गंधकाचा अंश पुष्कळ असतो, व गंधकाच्या त्या दुव्यांमुळेच त्याचे तंतू एकमेकांस घट्ट जखडलेले राहतात. नख जळले असता जी उग्र घाण सुटते, तीही ह्या गंधकयुक्त प्रथिनाचीच होय.

बोटाच्या टोकाशी दिसणारे नख निर्जीव असते; म्हणूनच ते कापताना दुखत नाही. जिवंत भाग आहे तो नखाच्या मुळाशी, कातडीखाली दडलेला. अंगठ्याच्या नखाच्या तळाशी जी पांढुरकी चंद्रकोर दिसते, ती ह्या मुळाचीच बाहेर डोकावणारी कड होय. तेथे नव्या पेशी सतत जन्म घेतात, जुन्यांस पुढे ढकलतात, आणि पुढे जाता जाता त्या पेशी चपट्या, कोरड्या व कठीण होऊन एकमेकींवर थरांनी बसतात. अशा अनेक थरांचे मिळून सुमारे अर्ध्या मिलिमीटर जाडीचे हे कवच तयार होते. मधल्या थरातील तंतू बहुतांशी आडवे, म्हणजे नखाच्या मोकळ्या कडेला समांतर, असतात. ही रचना मोठ्या उपयोगाची आहे. नख फाटू लागले तर ती चीर बहुधा आडवी जाते, खाली जिवंत मांसापर्यंत उभी उतरत नाही. नख व मागील कातडी ह्यांच्या सांध्यावर त्वचेची जी बारीक किनार असते, तिचे काम दाराच्या फटीत बसविलेल्या पट्टीसारखे आहे. पाणी व जंतू ह्यांस ती आत शिरू देत नाही. ती किनार सौंदर्यासाठी कापून अगर खरवडून काढणे म्हणजे घराचे दार काढून ठेवण्यासारखेच होय.

वाढीचा वेग आणि पुण्याचे एक उदाहरण

हाताचे नख साधारणतः महिन्यास तीन मिलिमीटर वाढते. पायाचे त्याच्या निम्म्या वेगाने. ह्याचा पडताळा पाहण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. श्रावणात मंगळागौरीच्या वेळी बोटांवर मेंदी लावलेल्या मुलींनी आपल्या नखांकडे लक्ष ठेवावे. हातावरील रंग पंधरवड्यात जातो, कारण कातडी झडून नवी येते. परंतु नखावरील तांबूस रंग तसाच राहून मुळाकडून कोऱ्या नखाची पट्टी पुढे सरकू लागते, आणि संक्रांतीच्या सुमारास तो रंग टोकाशी उरलेल्या कोरीएवढा राहतो. मतदारांच्या बोटावर जी शाई लावितात, तिच्यात सिल्व्हर नायट्रेट नावाचे रुप्याचे क्षार असतात. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती आपल्या देशात वापरात आहे. नखावर पडलेला तिचा डाग धुऊन जात नाही. नखाबरोबर पुढे सरकत जाऊन शेवटी कापला जातो, ह्याचेही कारण हेच.

विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन वैद्याने आपल्या अंगठ्याच्या नखावर मुळाशी खूण करून ती पुढे किती सरकते ह्याचे मोजमाप एक दोन नव्हे, ३५ वर्षे केले. वयाच्या ३२ व्या वर्षी त्याचे नख दिवसास ०.१२३ मिलिमीटर वाढत होते. ६७ व्या वर्षी तोच वेग ०.०९५ मिलिमीटर झाला होता. वयाबरोबर नखाची वाढ मंदावते, हे ह्या चिकाटीच्या निरीक्षणावरून सिद्ध झाले. असल्या साध्या प्रयोगास पैसा लागत नाही, सातत्य मात्र लागते.

नखांच्या बाबतीत आमच्या पुणे शहराचे नाव जगभर गेले आहे, ते श्री. श्रीधर चिल्लाल ह्यांच्यामुळे. १९५२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्यांच्या हातून खेळता खेळता एका शिक्षकांचे जपून वाढविलेले लांब नख मोडले. शिक्षक रागावले, आणि 'असे नख वाढविण्यास किती जपावे लागते ते तुला काय कळणार' अशा अर्थाचे त्यांचे बोलणे त्या मुलाच्या मनास लागले. त्या दिवसापासून चिल्लाल ह्यांनी डाव्या हाताची नखे कापली नाहीत. छायाचित्रकाराचा व्यवसाय त्यांनी केला, संसार केला, परंतु तो हात जन्मभर जपला. १७ नोव्हेंबर २०१४ रोजी पुण्यात त्यांच्या नखांचे मोजमाप झाले, तेव्हा अंगठ्याचे नख १९७.८ सेंटिमीटर, तर्जनीचे १६४.५, मध्यमेचे १८६.६, अनामिकेचे १८१.६ व करंगळीचे १७९.१, एकूण ९०९.६ सेंटिमीटर भरले. एका हातावरील सर्वांत लांब नखे म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांची नोंद झाली. अखेर ११ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ६६ वर्षांनंतर, न्यूयॉर्क येथे यंत्राच्या साहाय्याने ती नखे कापण्यात आली व तेथील एका संग्रहालयात ठेवण्यात आली.

आमच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. अंगठ्याचे नख १९७८ मिलिमीटर. काळ ६२ वर्षे, म्हणजे ७४४ महिने. भागाकार केला असता महिन्यास सुमारे २.७ मिलिमीटर येतात. पाचही बोटांची सरासरी घेतली तर सुमारे २.४ मिलिमीटर पडतात. वर सांगितलेल्या तीन मिलिमीटरांच्या मानाने हे किंचित कमी आहे, आणि ते तसेच असावयास पाहिजे. कारण वयाबरोबर वेग मंदावतो, व जो हात कामात असतो त्याची नखे विसावलेल्या हातापेक्षा थोडी अधिक लवकर वाढतात. तात्पर्य, चिल्लाल ह्यांचे नख काही अद्भुत वेगाने वाढलेले नव्हते. ते तुम्हांआम्हांसारखेच वाढले. त्यांनी ते मोडू दिले नाही एवढेच.

परंतु ह्या विक्रमाची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. नखांच्या भाराने तो हात कायमचा अधू झाला. मिटलेली बोटे सरळ होईनात. रात्री झोपेत कूस बदलावयाची तरी सावधपणे, कारण एवढी लांब नखे अतिशय नाजूक असतात. म्हणजे लांबी वेगळी आणि बळ वेगळे. ज्यास नख बळकट हवे, त्याने ते लांब करण्याच्या मागे लागू नये, हा पहिला धडा ह्या उदाहरणावरून मिळतो.

नखे ठिसूळ का होतात?

लोकांत असा समज रूढ आहे की, नख हाडासारखे असून कॅल्शियम कमी झाले म्हणजे ते मोडते. व नखांवर पांढरे ठिपके दिसले म्हणजे तर त्याची खूणच पटली. हा समज निराधार आहे. नखाच्या वजनात कॅल्शियमचा अंश शेकडा एक भागाहून पुष्कळ कमी असतो, आणि नखाचा कणखरपणा त्यावर अवलंबून नसतो. पांढरे ठिपके बहुधा मुळाशी लागलेल्या बारीकसारीक माराचे असतात. बाकावर बोटे आपटली, दारात चेंगरली, नखांची किनार दातांनी कुरतडली, म्हणजे काही आठवड्यांनी त्या माराची आठवण ठिपक्याच्या रूपाने वर येते. कॅल्शियम हाडांस व दातांस अवश्य पाहिजे. परंतु नखांसाठी म्हणून त्या गोळ्या घेणे व्यर्थ होय.

मग खरे कारण कोणते? बहुतेकांच्या बाबतीत ते पाणी आहे. हे वाचून कित्येकांस नवल वाटेल. कारण पाण्याने वस्तू मऊ होते, मोडकी कशी होईल? ह्याचे उत्तर पावसात भिजलेल्या वहीत सापडते. वही भिजली की पाने फुगतात, वाळली की आकसतात. असे दोनचार वेळा झाले म्हणजे पुठ्ठ्याचे थर सुटून कोपरे उलटतात. नखाचेही असेच आहे. कातडीच्या मानाने नख पाणी कितीतरी अधिक वेगाने शोषून घेते व तितक्याच वेगाने सोडून देते. भांडी घासणे, कपडे धुणे, फरशी पुसणे, पुन्हा भांडी घासणे, अशा क्रमाने दिवसातून दहा वेळा हात भिजले व दहा वेळा वाळले, म्हणजे नखाचे थर फुगत व आकसत राहून त्यांच्यातील बंध सैल होतात. त्यात साबणाची पूड अगर भांड्यांची वडी असली म्हणजे नखातील नैसर्गिक स्निग्धताही धुऊन निघते. ठिसूळ नखांची तक्रार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे. आपल्या घरी आई, आजी अगर भांडी घासावयास येणाऱ्या बाई ह्यांच्या बोटांकडे एकदा लक्षपूर्वक पाहा; आपल्या ताटाच्या स्वच्छतेचे मोल कोणाच्या नखांनी भरले आहे, ते तेथे लिहिलेले आढळेल.

दुसरे कारण रंगांचे व ते काढण्याच्या औषधाचे. तुळशीबागेतून आणलेली रंगाची बाटली स्वतः फारसे नुकसान करीत नाही. परंतु तो रंग पुसण्यासाठी जे अ‍ॅसिटोन वापरतात, ते नखातील पाणी व तेल दोन्ही ओढून घेते. आठवड्यातून तीन वेळा रंग बदलावयाचा म्हणजे तीन वेळा नख शुष्क करावयाचे. 'नखे कठीण करणारे' म्हणून जे लेप विकतात, त्यांपैकी काहींत फॉर्मॅल्डिहाइड असते. त्याने नख आरंभी कठीण होते खरे, परंतु पुढे त्यातील लवचीकपणा जाऊन ते काचेसारखे तडकते. कठीणपणा आणि बळकटपणा ह्यांतील भेद येथे ध्यानात ठेवावा. काच कठीण असते, वेत बळकट असतो. कारण वेत वाकतो व पुन्हा सरळ होतो. चांगले नख वेतासारखे असावे.

तिसरे कारण आपल्या सवयींचे. कंपासपेटी उघडावयाची नखाने, बाटलीचे बूच काढावयाचे नखाने, भिंतीवरील कागद खरवडावयाचा नखाने. आणि परीक्षेत उत्तर आठवेना म्हणजे तेच नख दातांत धरावयाचे! एवढे हाल सोसून नख टिकावे अशी अपेक्षा करणे न्यायाचे नव्हे.

नख हा शरीराचा दाखला

वरील कारणे बाहेरची झाली. परंतु काही वेळा नखाचा दोष आतून आलेला असतो, आणि तो ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे. नख हे मुळाशी सतत तयार होत असल्यामुळे शरीराच्या मागील काही महिन्यांची हकीकत त्यावर उमटत असते. मोठा ताप येऊन गेला म्हणजे काही आठवड्यांनी सर्व नखांवर आडवी खाच दिसू लागते. ह्या खाचांचे वर्णन बो नावाच्या फ्रेंच वैद्याने १८४६ साली केले, म्हणून त्यांस त्याचेच नाव आहे. त्या खाचेचे मुळापासूनचे अंतर मोजले व महिन्यास तीन मिलिमीटर हा हिशेब लावला, तर आजार केव्हा झाला हे अजमासाने सांगता येते.

शरीरात लोह फार कमी झाले म्हणजे नख पातळ होऊन मधोमध खोलगट होते, जणू उताणा चमचाच. त्यावर पाण्याचा थेंब ठेविला तर तो ओघळत नाही. आपल्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ स्त्रियांच्या रक्तात रक्तद्रव्य कमी आढळले. म्हणजे ज्या मुलीचे नख पातळ व निस्तेज आहे, जिला जिना चढताना दम लागतो, वर्गात झोप येते, तिला आळशी अगर गबाळी म्हणण्यापूर्वी तिच्या रक्ताची तपासणी करावी, हेच शहाणपणाचे व ममतेचे होईल. अनेक शाळांतून किशोरवयीन मुलामुलींस आठवड्यास एकदा लोहाची निळी गोळी देण्यात येते. ती चवीस बरी नाही म्हणून कित्येकजण गुपचूप खिडकीबाहेर टाकतात. आम्ही त्यांस आग्रहाने सांगतो की, रंगाच्या दहा बाटल्यांनी जे नखास मिळणार नाही, ते त्या टाकून दिलेल्या गोळीत असू शकते. जेवणानंतर ती घेतली असता मळमळ कमी होते.

कंठग्रंथी मंद झाल्यानेही नखे कोरडी व ठिसूळ होतात. सोरायसिस ह्या त्वचाविकारात नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडतात. बुरशीने नख पिवळे, जाड व भुरभुरीत होते. हा विकार पायाच्या नखांस अधिक होतो, व तेथे तेल चोळून काही उपयोग होत नाही.

ह्या विषयाचा एक ताजा व गंभीर दाखला आपल्याच महाराष्ट्रात घडला आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही खेड्यांत लोकांचे केस एकाएकी गळू लागले. अवघ्या काही दिवसांत टक्कल पडे. शाळेत जाणारी मुले व तरुण माणसेही त्यातून सुटली नाहीत. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातील कित्येकांची नखे विद्रूप व ठिसूळ होऊन गळून पडू लागली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांचे विंचूदंशावरील संशोधन सर्वश्रुत आहे, त्यांनी ह्या प्रकरणी तपास करून खाण्यातील गव्हात सेलेनियम ह्या द्रव्याचे प्रमाण फार वाढल्याचे व रुग्णांच्या शरीरातही ते वाढलेले असल्याचे प्रतिपादन केले. सेलेनियम शरीरास अल्पांशाने आवश्यक असते. परंतु त्याचा अतिरेक झाला म्हणजे केस व नखे ह्यांच्या मुळांवरच घाव पडतो. चीनमधील हुबेई प्रांतात एन्शी नावाचा प्रदेश आहे. तेथील जमिनीत सेलेनियम फार असल्यामुळे १९६१ ते १९६४ ह्या काळात पिकांवाटे ते लोकांच्या पोटात जाऊन तेथेही असेच केस व नखे गळाली होती.

ह्यावरून दोन बोध घ्यावयाचे. एक हा की, गावातील अनेकांची नखे एकदम बिघडू लागली तर ती लाजेची अगर देवाच्या कोपाची गोष्ट नसून अन्नपाण्याची तपासणी करण्याची वेळ आली असे समजावे. शेगाव तालुक्यातील त्या मुलांस टकलामुळे लोकांची थट्टा सोसावी लागली, लग्ने जमण्यास अडचणी आल्या, ह्या बातम्या वाचून कोणाचे मन द्रवले नसेल? दुसरा बोध हा की, 'नखांसाठी व केसांसाठी' म्हणून बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांत पुष्कळदा सेलेनियम घातलेले असते. थोड्याने हित होते म्हणून पुष्कळाने अधिक हित होईल, हा हिशेब शरीरास लागू पडत नाही.

नखे बळकट करण्याचे उपाय

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. हे सर्व उपाय साधे आहेत, आणि त्यांत खर्चाचा भाग थोडा आहे.

प्रथम पाण्यापासून बचाव. भांडी घासताना अगर कपडे धुताना रबरी हातमोजे घालावेत. आत सुती मोजे असल्यास उत्तम, कारण रबरात घाम साचून नखे पुन्हा भिजतात. मोजे नसतील तर निदान सर्व धुणेभांडी एकदाच आटोपावीत, दिवसभर हात भिजवीत बसू नये. आणि घरातील चार हातांनी ती कामे वाटून घेतली, तर एकाच जोडीवर सारा भार पडणार नाही. ह्या उपायास तर दमडीही लागत नाही.

दुसरा उपाय तेलाचा. रात्री निजण्यापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात बोटे बुडवावीत, टिपून घ्यावीत, व लगेच खोबरेल तेल अगर व्हॅसलीन नखांस व त्यांच्या मुळाशी चोळावे. येथे तेल नखास पोसते असे मात्र समजू नये. नखाने जे पाणी घेतले, ते निसटू नये म्हणून तेल झाकणाचे काम करते. म्हणून कोरड्या नखास तेल चोळण्यापेक्षा किंचित ओलसर नखास चोळणे अधिक गुणकारी.

तिसरा उपाय कापण्याचा. स्नानानंतर नखे मऊ असताना कापावीत. वाळलेले नख कापताना तडकते. हाताची नखे बोटाच्या आकाराप्रमाणे किंचित गोलसर व पायाची सरळ कापावीत. पायाच्या अंगठ्याचे कोपरे खोल कापले तर नख मांसात शिरते. कानशीने घासताना एकाच दिशेने घासावे, करवतीसारखे मागेपुढे करू नये. ज्यांची नखे मोडतात त्यांनी ती काही महिने आखूडच ठेवावीत. आखूड नखास धक्का लागण्यास जागाच उरत नाही.

चौथा उपाय आहाराचा. नख प्रथिनाचे बनते, यास्तव वरण, उसळी, दूध, शेंगदाणे ह्यांचे मान जेवणात असावे. जे खातात त्यांनी अंडी, मासे, मटण घ्यावे. लोहासाठी बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाज्या, अळिवाचे लाडू हे आपले जुने पदार्थ उत्तम होत. त्यांच्या जोडीस लिंबू, आवळा अगर पेरू घेतल्यास वनस्पतींतील लोह अंगी अधिक लागते, आणि जेवणाबरोबर चहा घेतल्यास तेच कमी लागते. म्हणून चहा निदान तासाभराने घ्यावा. बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाची सध्या फार जाहिरात होते. त्याचा इतिहास मनोरंजक आहे. घोड्यांचे व डुकरांचे खूर त्याने सुधारतात असे पशुवैद्यांस आढळले, तेव्हा माणसांच्या नखांवर त्याचा प्रयोग झाला. १९९० च्या सुमारास युरोपात झालेल्या काही छोट्या प्रयोगांत नखांची जाडी वाढल्याचे दिसले. परंतु ज्यांस त्याची उणीव नाही अशा सर्वांनाच ते उपयोगी पडते असे त्यावरून सिद्ध होत नाही. अंडी, शेंगदाणे, डाळी ह्यांतून ते आपोआप मिळते. मात्र अंडे शिजवून खावे. कच्च्या पांढऱ्या बलकातील एक द्रव्य बायोटिनास बांधून ठेवते व अंगी लागू देत नाही. शिवाय मोठ्या मात्रेने बायोटिन घेणाऱ्यांच्या कंठग्रंथीच्या व हृदयाच्या काही रक्ततपासण्या चुकीच्या येतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २०१७ साली दिला आहे. तेव्हा जो कोणी ते घेत असेल त्याने रक्त देण्यापूर्वी तसे सांगावे.

पाचवा उपाय धीराचा, आणि तोच सर्वांत कठीण. आज मुळाशी जे नख जन्मास येईल, ते टोकाशी येण्यास पाचसहा महिने लागतात. जे नख फाटले ते पुन्हा सांधत नाही; ते वाढून कापले जाईपर्यंत वाट पाहावी लागते. आठ दिवस तेल लावून 'काही गुण नाही' म्हणून बाटली फेकून देणारा मनुष्य पेरणी केल्या दिवशीच पीक पाहावयास जाणाऱ्या शेतकऱ्यासारखा होय.

वैद्याकडे केव्हा जावे? एकच नख विद्रूप होऊ लागले, नखाखाली काळी उभी रेघ नव्याने उमटून रुंद होऊ लागली, नख खालच्या मांसापासून सुटले, त्याभोवती सूज व पू आला, नखे चमच्यासारखी झाली, अथवा वरील उपाय सहा महिने करूनही सर्व नखे तशीच राहिली, तर विलंब करू नये. आमच्या शहरात ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयात त्वचारोगांचा विभाग आहे. तेथे दाखविण्यास कमीपणा मानण्याचे कारण नाही.

समारोप

शरीर हे देवाने आपल्या स्वाधीन केलेले मंदिर आहे, असे आपण उपासनेत वारंवार ऐकतो. मंदिराचा कळस सर्वांच्या दृष्टीस पडतो, पायरीकडे कोणी पाहत नाही. तद्वत् मुखाची निगा सर्वजण राखतात, नखांकडे दुर्लक्ष होते. परंतु ह्या लहानशा अवयवाकडे नीट पाहिले तर घरातील कष्ट, ताटातील अन्न, रक्तातील उणीव आणि मनातील अस्वस्थता ह्या सर्वांची वार्ता तो देतो, हे आम्ही वर दाखविले आहे.

शेवटी पुन्हा त्या चौदा वर्षांच्या पुणेरी मुलाची आठवण होते. मोडलेल्या नखास पुन्हा उगवण्यास अवघे सहा महिने पुरले असते; परंतु रागाच्या भरात बोललेला एक शब्द ६६ वर्षे त्या मुलाच्या हातावर वाढत राहिला. म्हणून नखे तपासणाऱ्या सर्वांस, मग ते शिक्षक असोत, वर्गप्रमुख असोत वा आईबाप असोत, आमची नम्र विनंती आहे की, येत्या सोमवारी एखादे तुटके, निस्तेज नख पुढे आले तर प्रथम रागावू नये. हात हातात घ्यावा, नख उजेडात धरून पाहावे, आणि 'घरी भांडी तूच घासतेस काय? दम लागतो काय? जेवलीस काय?' असे विचारावे. नखांची निगा त्या प्रश्नापासूनच सुरू होते.